करवाढीला सार्वमत, कपातीला का नाही?

'जनतेला विचारल्याशिवाय एक पैशाचाही कर वाढवायचा नाही' ही घोषणा ऐकायला गोड आहे. घरपट्टीची नोटीस आली की सामान्य माणसाच्या कपाळावर आठी पडते. म्हणून नगरपालिकेच्या मालमत्ता करावर कायद्याने कमाल मर्यादा घालावी आणि ती ओलांडायची असेल तर गावात सार्वमत घ्यावे, ही कल्पना वरवर पाहता लोकशाहीची परमावधी वाटते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ही व्यवस्था चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासून चालू आहे. इंग्लंडनेही २०११ च्या कायद्याने ती स्वीकारली. आपल्याकडे अशी तरतूद नाही. पण 'आमच्या कराच्या पैशावर इतरांचे लाड का?' ही भाषा आपल्या शहरांतील सुखवस्तू वर्गाच्या तोंडी चांगलीच रुळली आहे. म्हणून ही व्यवस्था चळवळीच्या वाचकांनी मुळातून समजून घेतली पाहिजे. ती तपासताना एकच प्रश्न विचारावा. मतपत्रिकेवर कोणता प्रश्न छापला जातो आणि कोणता प्रश्न कधीच छापला जात नाही?

या लाटेची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. जून १९७८ मध्ये तेथील मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर केला. मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर रोखला गेला आणि मालमत्तेच्या करमूल्यात वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करता येणार नाही असे ठरले. विशिष्ट कामासाठी नवा स्थानिक कर लावायचा तर दोन-तृतीयांश मतांची अट आली. म्हणजे शंभरातल्या सहासष्ट जणांनी 'हो' म्हटले तरी उरलेल्या चौतीस जणांचा 'नाही' जिंकतो! ४ नोव्हेंबर १९८० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात 'प्रस्ताव अडीच' मंजूर झाला. अडीच हा आकडा त्यातील अडीच टक्क्यांवरून आला. याच दिवशी मिसुरी राज्यातही 'हॅन्कॉक दुरुस्ती' संमत झाली आणि तेथेही करवाढ मतदारांच्या मंजुरीला बांधली गेली.

मॅसॅच्युसेट्सचा नियम समजून घेऊ. तेथे दोन कुलपे आहेत. पहिले कुलूप असे की, गावाची एकूण मालमत्ता कर आकारणी मागील वर्षाच्या मर्यादेपेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. नव्या बांधकामांवरील कर तेवढा वेगळा धरला जातो. दुसरे कुलूप असे की, ही आकारणी गावातील सर्व मालमत्तांच्या बाजारमूल्याच्या अडीच टक्क्यांपलीकडे सहसा जाऊ शकत नाही. पहिले कुलूप उघडण्याची किल्ली म्हणजे सार्वमत. त्याला तेथे 'ओव्हरराइड' म्हणतात. गावाचे निवडून आलेले मंडळ रक्कम आणि कारण लिहून प्रश्न मतपत्रिकेवर ठेवते. साधे बहुमत मिळाले की ती रक्कम कायमची मर्यादेत मिळवली जाते. शाळेची इमारत किंवा अग्निशमन केंद्र बांधण्यासाठी कर्ज काढायचे असेल तर ते फिटेपर्यंतच्या वाढीसाठी वेगळे सार्वमत असते. दुसऱ्या कुलपाला मात्र ओव्हरराइडची किल्ली लागत नाही.

आता साधा हिशेब करू. समजा, एका गावाची आकारणी १ कोटी डॉलर आहे. पुढच्या वर्षी ती मतदानाशिवाय फार तर अडीच लाखांनी वाढेल. पण शिक्षकांचे पगार, कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा, शाळेच्या बसचे इंधन हे अडीच टक्क्यांचे बंधन पाळतात काय? जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. अशा वर्षी अडीच टक्के वाढ म्हणजे प्रत्यक्षात कपातच. कोणी ठराव केला नाही, कोणी हात वर केला नाही, तरी वाचनालयाचे तास कमी होतात, वर्गातील मुलांची संख्या वाढते, संगीत-चित्रकलेचे शिक्षक जातात. कायदा लागू झाला तेव्हा १९८१ मध्ये बोस्टनमध्ये हेच मोठ्या प्रमाणात घडले. शाळा बंद झाल्या आणि शिक्षक, पोलिस व अग्निशमन कर्मचाऱ्यांना घरी बसावे लागले.

नियम सर्वांना एकच आहे, मग अन्याय कुठे आहे, असे कोणी विचारेल. विषमतेच्या जमिनीवर समान नियम पेरला की पीक विषमतेचेच येते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. श्रीमंत उपनगरात नवी बांधकामे होत राहतात, त्यामुळे मर्यादा आपोआप वाढते. घरे महाग असल्याने थोड्या दरातही मोठी रक्कम जमते. लोकांची ऐपत असते, म्हणून ओव्हरराइड मंजूर होण्याची शक्यताही अधिक असते. गरीब शहरात कारखाने बंद पडलेले, घरांच्या किमती खाली आलेल्या आणि लोकांचे हात रिकामे. २००८ च्या मंदीनंतर मालमत्तांच्या किमती कोसळल्या तेव्हा स्प्रिंगफील्ड हे शहर दुसऱ्या मर्यादेलाच जाऊन टेकले. तेथे ओव्हरराइडला 'हो' म्हणण्याची सोयही उरली नाही. ज्याला गरज सर्वांत जास्त, त्याच्याच हातून किल्ली काढून घेतलेली!

होलयोक या कामगारांच्या जुन्या शहराचे उदाहरण घ्या. एके काळी कागदाच्या गिरण्यांसाठी ते प्रसिद्ध होते. आज तेथील शाळांतील बहुसंख्य मुले पोर्टो रिकन वंशाच्या कुटुंबांतील आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन नव्या माध्यमिक शाळांच्या इमारतींसाठी तेथे सार्वमत झाले. खर्चाचा मोठा भाग राज्याकडून मिळणार होता. तरीही मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. ज्यांच्या वर्गखोल्यांचा प्रश्न होता त्या मुलांना मत नव्हते. अमेरिकेतील स्थानिक निवडणुकांत मतदान कमी होते आणि मत देणाऱ्यांत वयस्क, स्वतःचे घर असलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त असते, हे तेथील सर्वपरिचित वास्तव आहे. दोन पाळ्यांत राबणारी आई, दरवर्षी भाड्याचे घर बदलणारे कुटुंब, अजून नागरिकत्व न मिळालेला स्थलांतरित, यांचा आवाज मतपेटीपर्यंत पोहोचत नाही किंवा फार क्षीण पोहोचतो. भाडेकरूच्या भाड्यातही घरमालकाचा मालमत्ता कर दडलेलाच असतो. तरी 'करदाता' म्हणून मिरवतो तो घरमालकच.

श्रीमंत गावे प्रत्येक वेळी 'हो'च म्हणतात असेही नाही. बोस्टनशेजारच्या सधन न्यूटनमध्ये मार्च २०२३ मध्ये सार्वमत झाले. दोन शाळांच्या इमारतींसाठीची तात्पुरती वाढ मंजूर झाली, पण नेहमीच्या खर्चासाठीची ९१.७५ लाख डॉलरची कायम वाढ पडली. जानेवारी २०२४ मध्ये तेथील शिक्षक संपावर गेले आणि शाळेचे अकरा दिवस बुडाले. इमारत डोळ्यांना दिसते, तिच्यावर नाव कोरता येते. मदतनीस शिक्षिकेचा पगार दिसत नाही, म्हणून तो आधी कापला जातो. पण न्यूटनच्या पालकाला शिकवणी परवडते, खासगी शाळा परवडते. होलयोकच्या पालकाला सार्वजनिक शाळेखेरीज दुसरा आधार कोणता?

या व्यवस्थेचे खरे इंगित असे आहे की, करवाढीला सार्वमत लागते, पण सेवाकपातीला लागत नाही. शाळा बंद करायची असेल तर समितीचा ठराव पुरतो. वाचनालयाला टाळे लावायचे असेल तर अंदाजपत्रकातील एक ओळ खोडली की काम झाले. मालमत्ता असलेल्याच्या खिशाला हात लावण्यापूर्वी त्याची संमती हवी, पण सार्वजनिक सेवांवर जगणाऱ्याच्या ताटातला घास काढताना त्याला विचारण्याची गरज नाही. हे दार एकाच बाजूने उघडते. इंग्लंडमध्येही हेच दिसते. मे २०१५ मध्ये बेडफर्डशायरच्या पोलिस दलासाठी करात १५.८ टक्के वाढ मागणारे सार्वमत झाले आणि सुमारे ७० टक्के मतदारांनी ती नाकारली. २०१७ मध्ये सरे परगण्याने वृद्धांच्या देखभालीसाठी १५ टक्के वाढीचे सार्वमत जाहीर केले आणि ते होण्यापूर्वीच मागे घेतले. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम महापालिकेने आपली तिजोरी रिकामी झाल्याचे औपचारिकपणे जाहीर केले. पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या खास सवलतीने तेथे सार्वमताशिवाय जवळपास १० टक्के करवाढ झाली आणि वाचनालये, युवक सेवा यांवर कुऱ्हाड चालली. त्या कुऱ्हाडीवर सार्वमत झाले काय? नाही.

स्थानिक मालमत्तेवर स्थानिक शाळा चालवण्याची ही पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेली होती. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहराच्या एजवूड या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीतील डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी १९६८ मध्ये दावा लावला. त्या वेळचे आकडे डोळे उघडणारे आहेत. एजवूडचे लोक शेजारच्या सधन अलामो हाइट्सपेक्षा चढ्या दराने कर भरत होते. तरी त्यांच्या स्थानिक करातून दर मुलामागे २६ डॉलर जमत होते. अलामो हाइट्समध्ये कमी दराने ३३३ डॉलर जमत होते. गरीब जास्त दराने कर भरतो आणि त्याच्या मुलाला तेराव्या हिश्शाएवढे मिळते! १९७३ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, शिक्षण हा अमेरिकन संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि ही करपद्धती घटनाबाह्य नाही. शाळांतील वर्णभेद मोडणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्यात वकील म्हणून लढलेले थर्गुड मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. त्यांनी या निकालाला कडाडून विरोध नोंदवला. वर्गात एकत्र बसण्याची बंदी कायद्याने उठली, पण वस्त्यांच्या सीमेवर पैशाची भिंत उभी राहिली.

कराचा रस्ता अडवला की पालिका पैशासाठी दुसरा रस्ता शोधते आणि तो बहुधा गरिबाच्याच दारावरून जातो. मिसुरीतील फर्ग्युसन हे नाव ऑगस्ट २०१४ मध्ये जगाला कळले, ते मायकेल ब्राऊन या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळ्या घातल्यामुळे. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्या शहराच्या कारभाराचा अहवाल प्रसिद्ध केला. २०१० मध्ये न्यायालयीन दंड आणि शुल्कातून शहराला १३.८ लाख डॉलर मिळाले होते. २०१५ च्या अंदाजपत्रकात हाच आकडा ३०.९ लाख धरला होता, म्हणजे १३२.६ लाखांच्या सर्वसाधारण महसुलात जवळपास चौथा हिस्सा. शहरात कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत ९३ टक्के. अंगणात गवत वाढले म्हणून दंड, रस्ता चुकीच्या ठिकाणी ओलांडला म्हणून दंड, तो भरला नाही म्हणून वॉरंट. पोलिसाने महसूल गोळा करायचा आणि कोर्टाने वसुली करायची, असा तो कारभार होता. त्यामागे वंशद्वेष होताच, अहवालाने तो स्पष्टपणे नोंदवला. पण अर्थकारणही होते. करवाढ मतदारांच्या हाती होती, दंडवाढ मात्र पालिकेच्या हाती होती. अहवालानंतर सुधारणांसाठी पैसा हवा होता, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तेथे मतदान झाले. विक्री कराची वाढ मंजूर झाली, मालमत्ता कराच्या वाढीला मात्र आवश्यक तेवढी मते मिळाली नाहीत. विक्री कर दुकानात जाणारा प्रत्येक गरीब भरतो. मालमत्ता कर मालमत्तेच्या प्रमाणात बसतो. यातले कोणते ओझे कोणाच्या खांद्यावर गेले, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मर्यादेचे समर्थक म्हणतात की, नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घराची किंमत वाढते, पण पेन्शन वाढत नाही. वाढता कर भरायचा तर तिने घर विकायचे काय? हा प्रश्न खोटा नाही. मालमत्ता करही गरिबाला चिरडू शकतो. डेट्रॉईट शहरात मंदीनंतर घरांच्या किमती कोसळल्या, तरी करमूल्य चढेच राहिले. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहरात हजारो कुटुंबांनी थकलेल्या करापायी आपली घरे गमावली. तेव्हा कर वाढवला की तो आपोआप न्याय्य ठरला, असे कोणी समजू नये. पण वृद्धेच्या दुखण्यावर औषध वेगळे आहे. मॅसॅच्युसेट्समध्येच कमी उत्पन्नाच्या वृद्धांना त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने जड झालेल्या मालमत्ता कराचा काही भाग राज्याच्या आयकरातून परत मिळतो. ही सवलत ज्याला गरज आहे त्यालाच पोहोचते. सरसकट मर्यादेचा मोठा लाभ मात्र मोठ्या मालमत्तेला मिळतो. वृद्धेला पुढे करून तिच्या पदराआड व्यापारी संकुले आणि बंगले लपवायचे, ही चलाखी ओळखली पाहिजे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२० मध्ये घरांना हात न लावता फक्त मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावण्याचा प्रस्ताव आला होता. तोही थोडक्यात पडला.

हा विषय परका वाटत असेल तर एक गोष्ट आठवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांचे गुरू होते प्राध्यापक एडविन सेलिग्मन. करशास्त्रातील ते त्या काळचे मोठे नाव, आणि अमेरिकेतील मालमत्ता कराच्या अंमलातील अन्यायाचे परखड टीकाकार. बाबासाहेबांचा 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. केंद्राने आणि प्रांतांनी पैसा कसा वाटून घ्यावा, हाच त्याचा विषय. कर आणि सत्ता यांचे नाते बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासले होते. म्हणूनच सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी लावून धरली. मालमत्ता आणि कर यांवर मताचा हक्क ठरला तर अस्पृश्य समाज कायमचा बाहेर राहील, हे त्यांना दिसत होते. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा संरक्षित प्रतिनिधित्वाशिवाय गावाच्या बहुमताच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. गावाचे बहुमत म्हणजे न्याय, हे समीकरण त्यांनी कधीच मान्य केले नाही. स्थानिक लोकांनी ठरवले एवढ्यावरून निर्णय लोकशाहीचा होत नाही. त्या स्थानिकात कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे पाहावे लागते.

मुंबईचाच इतिहास घ्या. १८८८ च्या कायद्याखाली महापालिकेचा मताधिकार कर भरणाऱ्यांपुरता आणि ठरावीक पात्रतेच्या लोकांपुरता होता. प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. म्हणजे साठ वर्षे शहराची गटारे उपसणाऱ्याला शहराच्या खर्चाबद्दल बोलण्याचा अधिकार नव्हता. आज 'करदाता' हा शब्द 'नागरिक' या शब्दाच्या जागी बसवला जातो, तेव्हा त्याच जुन्या दाराची कडी पुन्हा लावली जाते. आणि आपल्याकडे सार्वमत नसले तरी विचारण्याची रीत कुठे आहे? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षे अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला. लहान घरांना दिलासा मिळाला, त्याचे स्वागतच आहे. पण त्यामुळे घटलेले उत्पन्न कोणत्या मोठ्या मालमत्तेकडून भरून काढायचे आणि पालिका शाळा व दवाखान्यांना त्याची झळ लागू नये यासाठी काय करायचे, हे शहराला कोणी विचारले?

या साऱ्यातून चळवळीने काही गोष्टी पक्क्या कराव्यात. शिक्षण, आरोग्य आणि पाणी हे हक्क आहेत. हक्कांचे मूल्य वस्तीतील घरांच्या किमतीवर ठरता कामा नये. सॅन अँटोनिओच्या मुलाला २६ आणि शेजारच्याला ३३३, ही विषमता मोडायची तर राज्याच्या तिजोरीतून गरजेप्रमाणे पैसा आला पाहिजे. मॅसॅच्युसेट्सलाही अखेर हे मान्य करावे लागले. १९९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाला पुरेसे शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी गरीब शहरांना जास्त राज्य-निधी देणारा कायदा झाला. २०१९ मध्ये नव्या कायद्याने तो निधी आणखी वाढवण्यात आला. जे मतपेटीने दिले नाही ते हक्काच्या भाषेने मिळवावे लागले.

सार्वमताला आमचा विरोध नाही. लोकांना विचारलेच पाहिजे. पण विचारायचे असेल तर पुरते विचारा. करवाढीला संमती लागत असेल तर शाळा बंद करायलाही लागू द्या. घरपट्टी चार टक्क्यांनी वाढवण्यावर मतदान होणार असेल तर पालिकेचा दवाखाना खासगी कंत्राटदाराला देण्यावरही होऊ द्या. मतपत्रिकेच्या एका बाजूला 'तुमचा कर इतका वाढेल' असे छापणार असाल तर दुसऱ्या बाजूला 'नाही म्हटल्यास या वस्तीतील ही शाळा बंद होईल' हेही छापा. मग होऊ द्या मतदान. ज्यांच्याकडे हरण्यासारखी मालमत्ता नाही, पण घडवण्यासारखी मुले आहेत, त्यांचा प्रश्न त्या कागदावर येत नाही तोवर त्या सार्वमताला लोकमत म्हणता येणार नाही. ते मालमत्तेचेच मत राहील.